ताहेरभाईचं एकपानी बटन

मला एक सांगा, सरकारी भिंतीवर डकवलेली यादी तुम्ही शेवटची कधी वाचली? तिच्यापुढं उभं राहून तंबाखू मळली असेल, ते नाही विचारत मी. वाचली का? पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत, बोट ठेवून? नाही ना? मग ताहेरभाईला हसण्याआधी जरा दम धरा. हसायला पुढं भरपूर जागा आहे.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा अकोला-अमरावतीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांपेक्षा पाहणी पथकांच्या गाड्या जास्त धावत होत्या. मुंबईहून पथक यायचं, दिल्लीहून यायचं. एकदा तर दोन पथकं एकाच बांधावर समोरासमोर आली आणि एकमेकांनाच शेतकरी समजून "कपाशी कशी आहे?" म्हणून विचारू लागली. प्रत्येक पथकाच्या आधी यायचा तो विहित नमुना, म्हणजे नुसत्या रकान्यांचा कागद. नाव, बापाचं नाव, गाव, विहीर आहे काय, विहिरीत पाणी आहे काय, बैल आहेत काय, टीव्ही आहे काय, मनःस्थिती बरी, मध्यम की वाईट. मध्यम! ज्यानं हा मध्यम रकाना काढला त्या माणसाला मला एकदा भेटायचं होतं. पण तो कधी वऱ्हाडात आलाच नाही, त्याचं नशीब चांगलं.

तर हे रकाने कॉम्प्युटरात भरायचे आणि कागदावर काढायचे, हे काम एका तालुक्याच्या कार्यालयात ताहेरभाईकडं होतं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या दारावर अजून खळीचे डाग आहेत, ओळखणारे ओळखतील.

ताहेर मूळचा बाळापूरचा. बाप पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर मोत्यासारखं, पण त्या माणसाला जागेचा अंदाज म्हणून नव्हता. सुरुवात करायचा ती हत्तीएवढ्या अक्षरानं आणि शेवट यायचा मुंगीएवढा. बाळापूरच्या एका सायकलवाल्याच्या पाटीवर "न्यू शाहीन" एवढंच लांबून दिसायचं, "सायकल मार्ट, हवा भरून मिळेल" हे वाचायला शिडी लागायची. सायकलवाला पैसे द्यायच्या ऐवजी शिडी घेऊन मागं लागला होता. लहानपणापासून ताहेरनं हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात एक किडा कायमचा शिरला: जे लिहायचं ते जागेत बसलं पाहिजे. लग्नात जेवायला बसला तरी ताटातल्या वांग्याच्या भाजीला चारी बाजूंनी सारखा समास सोडून मग भात घ्यायचा.

कॉम्प्युटर तो कोणाकडं शिकला नाही. अकोल्याच्या रद्दीतून कव्हर नसलेलं एक जाडजूड पुस्तक आणलं, त्यातली चित्रं पाहत पाहत शिकला. मजकूर इंग्रजीत होता, तो त्यानं सोडून दिला. त्यामुळं त्याचं शिक्षण पक्कं झालं आणि अर्धं राहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण गर्व पूर्ण होता. कोणी विचारलं, "ताहेरभाई, हे जमते का?" तर "जमते का काय विचारता? झालं समजा," असं म्हणून मग तो घरी जाऊन पुस्तक उघडायचा.

आता त्याची अडचण सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. ताहेरची नोकरी कंत्राटी. दरवर्षी साहेबानं मुदतवाढीच्या अर्जावर सही केली तर खुर्ची राहणार, नाहीतर गेली. आणि खुर्ची गेली तर कुठं जायचं, तेही ठरलेलं होतं. अकोल्याला मेव्हण्याच्या, शाहनवाजच्या, गाद्यांच्या दुकानात. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, उशा शिवायच्या. काम इज्जतीचं आहे, त्यात काही वाईट नाही. पण ताहेरला कापूस चालत नव्हता. कापसाचं एक बोंड फुटलेलं दिसलं की ह्याच्या नाकातून शिंकांची रेलगाडी निघायची. कापसाच्या मुलखात जन्मून कापसानं शिंकणारा माणूस! दसऱ्यापासून होळीपर्यंत तो नाकाला रुमाल बांधूनच फिरायचा आणि नवे लोक त्याला जैन मुनी समजून वाट द्यायचे.

त्याची सासू बिस्मिल्लाबी अकोल्याहून भेटायला यायची ती दर खेपेला एक नवी उशी घेऊन. घरात पाय टाकला की उशी आपटून खाली ठेवायची. धूळ उडाली की ताहेर शिंकायचा, आणि ती म्हणायची, "क्या ताहेर मियाँ, उस डब्बे के सामने बैठके क्या मिला तुमको? शाहनवाज रोज पूछता है, दूल्हेभाई कब आते. चलो अकोला. बैठके गाद्या भरो, घर का धंदा है."

"अम्मी, मले... आऽऽक्छी!... मले सरकारी काम हाये."

"सरकारी!" बिस्मिल्लाबी मुलीकडं वळायची, "अनीसा, तेरा मियाँ सरकार है, उसको नाक पोंछने को कपडा दे."

तर एक बाजूला खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला गादी, असा ताहेरचा जीव मध्ये टांगलेला. त्यात बकरीचं झालं.

त्या वर्षी लोकांना वस्तू वाटायच्या होत्या. कोणाला फवारणीचा पंप, कोणाला ताडपत्री, कोणाला शिलाई मशीन, कोणाला जर्सी गाय. कोणाला काय मिळालं, त्याची यादी भिंतीवर लावा, असा हुकूम. यादी आडवी एवढी लांब की एका पानात मावेना. कॉम्प्युटरची खोड अशी की पान पुरलं नाही तर उरलेले रकाने तो दुसऱ्या पानावर ढकलतो. म्हणजे माणसाचं नाव एका पानावर, आणि त्याला मिळालेली वस्तू भलत्याच पानावर. ताहेरनं तसाच गठ्ठा शिपायाच्या, वामनरावच्या, हातात दिला.

वामनराव तीस वर्षं कागद चिकटवत आलेला माणूस. त्यानं डोकं चालवलं. वरच्या ओळीत नावांची पानं लावली, खालच्या ओळीत वस्तूंची. नावाखाली वस्तू. हिशेब बरोबर होता. पण खळ होती गव्हाच्या पिठाची, ताजी, कोमट. वामनराव चहाला गेला आणि कार्यालयाच्या आवारात फिरणाऱ्या एका बकरीनं वस्तूंचं तिसरं पान खळीसकट खाऊन टाकलं. परत येऊन वामनराव पाहतो तर मध्ये भोक. त्यानं पुढची सगळी पानं एकेक घर अलीकडं सरकवून भोक बुजवलं. भिंत झकास दिसली.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव आला. साधा माणूस, चार एकर पऱ्हाटीवाला, म्हणजे कपाशीवाला, पण आवाज असा की शेजारच्या गावचे बैल थांबतात. त्यानं फवारणी पंप मागितला होता. भिंतीवर त्याच्या नावाखाली होतं: शिलाई मशीन.

"ताहेरभाऊ," तो दारातूनच ओरडला, "मी काय पऱ्हाटीले टाके घालू? बोंडअळी शिवून टाकू का बोंडात?"

त्याच्या मागून बेबीताई आली. ती गावात चोळ्या-परकर शिवायची, तिनं मशीन मागितली होती. तिला मिळाली होती जर्सी गाय. "गाय पाठोन देतो म्हन्तेत. मी तिले पायानं चालवू का, का हातानं? आन सुई कुठं लावू तिले?"

त्या दिवशी साहेबानं वामनराव आणि ताहेर दोघांना आत बोलावलं. साहेब म्हणजे शुभंकर साहेब, पुण्याकडचा तरुण अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण वऱ्हाडी बोलणं ऐकलं की त्याला वाटायचं आपल्याला शिव्याच देऊन राहिले. वामनरावला त्यानं लेखी तंबी दिली: "यापुढे पाने क्रमाने लावावीत. क्रमात खंड पडल्यास जबाबदार धरले जाईल." आणि ताहेरला म्हणाला, "अहो ताहेर, नाव आणि वस्तू एकाच पानावर यायला नको का? महिनाअखेर मुंबईचं पथक येतंय. तेव्हा असा घोळ झाला ना, तर तुमच्या मुदतवाढीवर मी सही करणार नाही. स्पष्ट सांगतो."

"झालं समजा साहेब," ताहेर म्हणाला, आणि घरी जाऊन पुस्तक उघडलं.

त्या पुस्तकात त्याला मॅक्रो सापडला. मॅक्रो म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला एकदा वाट दाखवायची. बाजारातून परतताना गाडीवान झोपला तरी बैल घरचा रस्ता चुकत नाहीत ना, तसं. आपण एकदा सगळं करून दाखवायचं, कॉम्प्युटर पाहून ठेवतो, मग एक बटन दाबलं की तो तस्संच करतो. डोकं चालवत नाही. बैलही चालवत नाही, पण बैल खड्डा दिसला तर थांबतो. हा थांबत नाही. हा फरक पुस्तकात मजकुरात लिहिला होता, चित्रात नव्हता.

ताहेरनं तालीम करायला एक लहानसं गाव घेतलं, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं, मूठभर नावांचं. कागद आडवा केला. समास चारी बाजूंनी सारखे, ते तर त्याच्या रक्तातच होतं. कुठून कुठपर्यंत छापायचं ती चौकट ठरवली, तीही शहाणपणानं: जिथपर्यंत माणसं असतील तिथपर्यंत. मग रुंदीच्या खणात लिहिलं एक, म्हणजे रुंदीला एकच पान. एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट मी लिहिली नसती. पण शेजारी उंचीचा खण होता. रिकामा खण ताहेरला सहन व्हायचा नाही. त्यानं तिथंही लिहिलं एक.

पान निघालं ते लग्नपत्रिकेसारखं. ह्या कडेला नाव, त्या कडेला वस्तू, मध्ये सगळं जिथल्या तिथं. ताहेरनं त्या मॅक्रोचं नाव ठेवलं "एकपानी". त्याला हिरवं बटन दिलं. आणि काम संपलं की पडद्यावर एक पाटी यावी अशी सोय केली: "काम फत्ते! – ताहेर."

साहेब खूश. "छान. हेच सगळ्या तालुक्याचं करा."

ताहेर घरी आला तो छाती काढून. बिस्मिल्लाबी आलेलीच होती, उशी आपटायला. त्यानं सांगितलं, "अम्मी, आता सगळा तालुका एका बटनात हाये."

"और वो बटन कमीज का है कि पजामे का?" बिस्मिल्लाबी म्हणाली. "जरा संभालके दबाना."

पथकाचा दिवस उजाडला. मे महिना, अकोल्याकडून येणारा वारा असा की त्यावर पापड भाजावा. त्या काळात लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं, त्याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख समजला जायचा, कारण लाईन त्याच्याही आधी जायची. पथक अकराला येणार, पंधरा मिनिटं थांबणार, अमरावतीला जेवणार, संध्याकाळी मोझरीला गुरुकुंजात दर्शन घेणार. सगळं छापून वाटलेलं. ताहेरनं चाळीसेक गावांची सगळी नावं एकाखाली एक आणली आणि मोठ्या थाटात हिरवं बटन दाबलं. आधी पडद्यावर पाहून घ्यायची सोय असते. पण फत्ते झालेलं काम परत काय पाहायचं?

प्रिंटर घुरघुरला. एक पान बाहेर आलं. ताहेर दुसऱ्याची वाट पाहत बसला. पडद्यावर पाटी आली: "काम फत्ते! – ताहेर." आणि लाईन गेली.

वामनरावनं पान उचलून उजेडात धरलं. उलटं करून पाहिलं. बोट फिरवलं. "ताहेरभाऊ, हे काय हाये? चादरीचा नमुना हाये का?"

ताहेरनं पाहिलं. कागदावर करडं आयत होतं. चारी बाजूंनी समास मात्र सारखे. डोळ्याजवळ नेलं तेव्हा कळलं की ते करडं म्हणजे अक्षरं आहेत, खसखशीच्या दाण्याच्याही अर्ध्या. तीनशेच्या वर माणसं त्यानं एका पानात बसवली होती, त्यांच्या विहिरी, बैल, टीव्ही आणि मनःस्थितीसकट. बाप निदान सुरुवात तरी हत्तीएवढी करायचा. ह्यानं सुरुवातच मुंगीच्या लेकरापासून केली होती.

डोळ्यांपुढं अकोल्याचं दुकान, मेव्हणा आणि कापसाचा ढग. पण तोंडानं काय निघालं, तर, "वामनराव, हा अख्खा तालुका हाये. लावून टाका."

वामनरावनं लावला. मोठी थोरली भिंत, पांढरी, पुसून ठेवलेली, आणि मधोमध एक कागद. लांबून वाटे, कोणाच्या तरी तेराव्याची चिठ्ठी आहे.

लोक जमले. बेबीताई सगळ्यात पुढं. तिनं नाक टेकवून पाहिलं. "माशी बसून गेली का याच्यावर?"

"यादी हाये, ताई," ताहेर म्हणाला.

"मंग माशीनंच लिहेल असंन."

उत्तमरावनं चष्मा लावला, काढला, दुसऱ्याचा लावला. "मी हावो का नाही याच्यात, एवढं सांगा राजेहो!" कोणी सांगेना. मग तो उठला, बाजारात गेला आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्याला असते ती भिंगाची नळी घेऊन आला. ती डोळ्याला लावली की एका वेळी दोनच नावं दिसायची. रांग लागली. ज्याच्या डोळ्याला भिंग, तो ओरडून नाव सांगायचा आणि मागचे "हाये, हाये!" म्हणून हात वर करायचे. एका म्हाताऱ्यानं भिंग लावलं ते सोडीचना, म्हणे किती दिवसांनी असं साफ दिसून राहिलं. शेंगदाणेवाला आला. कुल्फीवाला आला. लहान गावची जत्रा यापेक्षा लहान असते.

पथक आलं दीडला. पथकच ते, अकराचं दीडला येणारच. आणि ते उतरलं त्याच क्षणी लाईनही आली. शुभंकर साहेब घामाघूम होऊन त्यांना घेऊन आपल्या खोलीत शिरला. जाता जाता त्यानं भिंतीवरचा तो एक कागद पाहिला, मग ताहेरकडं पाहिलं. आतून एवढाच आवाज आला, "वामनराव, कूलर लावलाय. दार ओढून घ्या."

ताहेर धावत खुर्चीवर जाऊन बसला. ही आपली शेवटची बैठक, असं धरूनच बसला. बाहेर उत्तमरावचा आवाज: "मी हावो का नाही?" तो आवाज कानात शिरला आणि ताहेरला एकाएकी स्वतःचीच लाज वाटली. खण भरायचा म्हणून आपण एक लिहिला, आणि हा माणूस उन्हात भिंग लावून स्वतःला शोधून राहिला. त्यानं उंचीच्या खणातला एक खोडून टाकला. खण रिकामा सोडला. सोडवत नव्हता, तरी सोडला. प्रत्येक गाव नव्या पानावर सुरू कर, मथळ्याची ओळ दर पानावर छाप, हेही सांगितलं. आणि जन्मात पहिल्यांदा, छापायच्या आधी पडद्यावर पान पाहिलं. अक्षर होतं माणसानं वाचावं असं.

प्रिंटर भडाभडा पानं ओकू लागला. एकेक पान निघे आणि वामनराव खळ लावून पळे.

आता वामनरावच्या खिशात ती लेखी तंबी होती. पाने क्रमाने. क्रमात खंड नको. त्यानं अकारापासून सुरुवात केली, एकाला लागून एक, मध्ये बोटभरही फट नाही. भिंत संपली. पानं संपली नव्हती. भिंतीला लागून साहेबाच्या खोलीचं दार होतं, दोन फळ्यांचं, वरच्या अर्ध्यात काचा, आणि साहेबाच्याच हुकमानं ओढून घेतलेलं. वामनरावनं क्षणभर विचार केला. बुद्धी एकीकडं, तंबी दुसरीकडं. त्यानं दारावर पानं लावली. काचांवर, फळ्यांवर, आणि बरोबर दोन फळ्यांच्या सांध्यावर उत्तमराव आणि बेबीताईच्या गावाचं पान आलं.

"हावो!" उत्तमराव गरजला. "हावो ना मी! उत्तमराव, फवारणी पंप! हे पाहा, बाजूलेच लिहेल हाये!"

"माह्यी मशीन!" बेबीताई म्हणाली. "सरका ना बाप्पा, पुरं वाचू द्या."

तेवढ्यात दाराची मूठ हलली. आतून कोणीतरी दार ओढत होतं. पान मधोमध ताणलं गेलं.

"थांबा!" सगळं गाव एकदम ओरडलं. "फाटते ना! आमी वाचून राहिलो!" आणि उत्तमरावनं पुढं होऊन दाराची कडी बाहेरून घातली.

ताहेर प्रिंटरपासून धावत आला तो हे दृश्य.

आतून पुण्याचा आवाज: "अहो, हे काय चाललंय? दार उघडा!"

"उघडतो साहेब," उत्तमराव म्हणाला, "वाचून झालं का उघडतो. चार गावं बाकी हायेत दारावर."

"आत मुंबईचे साहेब आहेत!"

"असू द्या ना. बसा म्हणा त्याईले. चहा घ्या."

खिडक्यांना गज. दुसरं दार नाही. पथकाचे मोठे साहेब काचेपाशी आले. बाहेरून ऊन पडलं होतं, त्यामुळं काचेवरची यादी आतून दिसत होती, उलटी. दुसरं करण्यासारखं काही नसल्यामुळं ते ती वाचू लागले. एवढ्या वर्षांच्या पाहणीत पथकानं यादी वाचल्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही मागून. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "हे... ताईबे... बेबीताई कोण आहेत?"

"मी हावो, बोला."

"तुम्हाला शिलाई मशीन मिळाली आहे ना?"

"मिळाली कुठं? लिहेल हाये. लिहेलवर मी पाय मारून पाहिला, सुई हालत नाही."

आत कुजबुज. मोठे साहेब शुभंकर साहेबाला काहीतरी विचारत होते आणि तो "प्रक्रियेत आहे, सर, प्रक्रियेत आहे," म्हणत होता. मग आवाज आला, "बेबीताई, मशीन येत्या आठवड्यात मिळेल."

"बोलणं उडून जाते, साहेब," उत्तमराव म्हणाला. "दाराखाली फट हाये. कागदावर लिहा आन सरकवा. पंपाचंही लिहा."

पुन्हा कुजबुज. तेवढ्यात आतून कोणाच्या तरी पोटात गुरगुरलेलं बाहेर ऐकू आलं. अमरावतीचं जेवण थंड होत होतं. फटीतून कागद सरकला. सही, शिक्का, तारीख. बेबीताईनं तो वाचला, उत्तमरावनं वाचला, मागच्यांना वाचून दाखवला. मग बाकी गावांचीही माणसं फटीपाशी येऊन बसली. आतून विचारायचे, बाहेरून सांगायचे. कोणाला गाय नको होती, चारा नव्हता. कोणाला ताडपत्री मिळाली होती पण भोकाची. पंधरा मिनिटांची पाहणी तास-दीड तास चालली. एकदा मोठ्या साहेबांनी एका म्हाताऱ्याला मनःस्थिती कशी आहे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "आता बरी हाये. तुमी आत हा आन आमी बाहेर, असं पहिल्यांदाच पाह्यलं."

ताहेर भिंतीला टेकून उभा होता. आत बसलेला साहेब बाहेर आला की पहिलं काम काय करणार, ते त्याला दिसत होतं. शिंक न येताही नाक हुळहुळू लागलं.

बेबीताईनं त्याच्याकडं पाहिलं. "काहून रे, तोंड पाडून काहून उभा? तुह्यी यादी तं वाचता आली ना शेवटी."

"मुदतवाढ नाही मिळत आता, ताई. अर्ज माह्याच टेबलात पडला हाये दोन महिन्यांचा."

बेबीताई त्याच्याकडं अशी पाहत राहिली, जशी ती सुईत दोरा न ओवता येणाऱ्या पोरीकडं पाहते. "येड्या," ती म्हणाली, "फट हाये ना दाराले."

ताहेरनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा फटीकडं. मग धावत जाऊन अर्ज आणला. वाकला, कपाळ फरशीला टेकवून आत पाहिलं. दोन पॉलिश केलेले बूट आणि एक चहाची सांडलेली बशी दिसली. अर्ज सरकवला.

मग शुभंकर साहेबाचा आवाज आला, हळू, अगदी फटीजवळून: "ताहेर, तुम्ही मला धमकी देताय का?"

"नाही साहेब," ताहेर म्हणाला. "सही देऊन राहिलो. म्हणजे मागून राहिलो. आन साहेब, उंचीचा खण मी रिकामा ठेवला हाये. आता मरेपर्यंत भरत नाही."

साहेबाला हे काय कळलं देव जाणे. पण मागून मोठ्या साहेबांचा आवाज आला, "करा हो करा, काय असेल ती सही करा, आणि निघू द्या एकदाचं." पेन घासल्याचा आवाज झाला. अर्ज परत आला. सही होती, जरा वाकडी, कारण साहेबानं ती जमिनीवर बसून केली होती.

शेवटचं गाव वाचून झालं तेव्हा उत्तमरावनं कडी काढली. पथक एकामागं एक बाहेर पडलं, गाड्यांत बसलं आणि जेवायला धावलं. त्यांच्या अहवालात त्या दिवसाबद्दल एक ओळ होती म्हणतात: "लाभार्थ्यांशी प्रदीर्घ व थेट संवाद साधण्यात आला." शुभंकर साहेबाचं त्याबद्दल कौतुक झालं. त्यानं ते मुकाट्यानं घेतलं. बेबीताईची मशीन आली, आठवड्यात नाही, महिन्यात आली, पण आली. घेतलेला कागद तिनं मशीनच्याच खणात ठेवला आहे, कारण ती म्हणते, सरकार परत मागायला आलं तर दाखवता येईल.

ताहेर अजून त्याच खुर्चीवर आहे. हिरवं बटनही आहे, पण ते दाबलं की आता आधी पान पडद्यावर येतं आणि पाटी विचारते, "पाहिलं का? खरंच पाहिलं का?" दोनदा होय म्हटल्याशिवाय तो छापत नाही. वामनराव म्हणतो, ह्यानं काम उशिरा होते. होऊ द्या.

आणि आता तुम्ही. तुमच्या तालुक्याच्या भिंतीवर आज ना उद्या कागद लागेलच. लागला की जा, पूर्ण वाचा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा, आणि वाचून होईपर्यंत, एवढं माझं ऐका, दाराची कडी कोणालाही काढू देऊ नका.